सालगडी : एका शब्दाचा अर्थ आणि आपले कर्तव्य



महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत गुढीपाडव्याच्या दिवशी दोन वर्षे सुरू होतात. एक पंचांगातले आणि दुसरे सालगड्याचे. विदर्भात व मराठवाड्यात जुन्या सालगड्याचा हिशेब ह्या दिवशी पुरा करण्याची आणि नव्या सालाची बोली ठरवण्याची रीत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. खानदेशात ह्याच माणसाला 'सालदार' म्हणतात आणि त्याचे साल आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, बदलते. शहरात वाढलेल्या आपल्या मुलांना हा शब्द आता फारसा ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांच्यापैकी काहींना तो उच्चारताना संकोच वाटतो, तर काहींच्या तोंडी तो इतका सहज असतो की त्यामागे एक माणूस उभा आहे ह्याचाही विसर पडतो.

आपल्या मराठी कॅथलिक समाजाचा ह्या शब्दाशी दुहेरी संबंध आहे. मराठवाड्यातील आणि नगर परिसरातील अनेक कॅथलिक कुटुंबांच्या मागच्या पिढ्या दुसऱ्याच्या शेतावर राबल्या. त्यांच्या दृष्टीने सालगडी म्हणजे आपला आजा किंवा पणजा होय. उलट, वसईसारख्या बागायती भागात आणि इतरत्रही अनेक कॅथलिक कुटुंबे स्वतःच्या वाडीवर, शेतावर मजूर लावीत आली. त्यांच्या दृष्टीने गडी म्हणजे आपल्याकडे कामाला येणारा माणूस. रविवारच्या मिस्सेला हे दोन्ही प्रकारचे लोक एकाच ख्रिस्ताच्या वेदीसमोर गुडघे टेकतात. म्हणून ह्या शब्दाचा अर्थ काय, तो कसा वापरला गेला आणि पवित्र शास्त्र त्याविषयी काय सांगते, हे समजून घेणे आम्हाला अगत्याचे वाटते.

शब्दाची फोड

'सालगडी' हा शब्द 'साल' आणि 'गडी' ह्या दोन शब्दांचा बनलेला आहे. 'साल' हा मूळचा फारसी शब्द असून त्याचा अर्थ वर्ष. 'गडी' ह्या शब्दाला मात्र मराठीत अनेक छटा आहेत. गडी म्हणजे पुरुष. 'गडीमाणूस' असे आपण म्हणतो. गडी म्हणजे घरी किंवा शेतावर कामाला ठेवलेला माणूस. आणि गडी म्हणजे सोबती. 'सवंगडी', 'खेळगडी' हे शब्द ह्याच अर्थाचे आहेत. खेळातील प्रत्येक भिडू हा गडीच असतो; म्हणून क्रिकेटच्या बातमीत आजही 'तीन गडी बाद' असे छापून येते. जिवलग मित्राला 'गड्या' अशी हाक मारताना कोणाला कमीपणा वाटत नाही.

एकाच शब्दाने सोबती आणि सेवक ह्या दोघांचा बोध व्हावा, हे नवलाचे वाटेल. परंतु भाषांच्या इतिहासात असे पुन्हा घडलेले दिसते. आपण नित्य वापरतो तो 'नोकर' हा शब्द फारसीतून मराठीत आला आणि फारसीत तो मंगोल भाषेतून आला. मूळ मंगोल शब्दाचा अर्थ सोबती, सरदाराचा साथीदार असा होता. साथीदाराचा पुढे सेवक झाला आणि सेवकाचा चाकर झाला. शब्द खाली उतरत गेला, कारण माणसाची किंमत खाली उतरत गेली. 'गडी' ह्या शब्दाने मात्र आपला पहिला अर्थ अजून सोडलेला नाही. तो शेतावर सेवकाचा आणि खेळाच्या मैदानावर मित्राचा असा दोन्हीकडे जिवंत आहे.

'मजूर' हा शब्दही येथे पाहण्याजोगा आहे. फारसी 'मुज्द' म्हणजे कामाचा मोबदला. त्यावरून 'मजदूर' आणि मराठीत 'मजूर'. नव्या कराराची भाषा ग्रीक. तीत मोबदल्याला 'मिस्थोस' असा शब्द आहे आणि मोबदल्यावर ठेवलेल्या माणसाला 'मिस्थिओस' किंवा 'मिस्थोतोस' असे म्हटले आहे. 'मुज्द' आणि 'मिस्थोस' हे दोन्ही शब्द एकाच प्राचीन मुळापासून निघाले, असे भाषाशास्त्र सांगते. म्हणजे शुभवर्तमानातला मजुरीचा शब्द आणि आपल्या बांधावरचा मजुरीचा शब्द हे एकमेकांचे दूरचे आप्त आहेत.

साल कसे ठरते

सालगडी आणि रोजंदार ह्यांत मोठा फरक आहे. रोजंदार सकाळी येतो, संध्याकाळी मजुरी घेतो आणि जातो. दुसऱ्या दिवशी कोणाकडे जायचे हे त्याचे तो ठरवतो. सालगडी मात्र वर्षभर एकाच मालकाशी बांधलेला असतो. नांगरणी, वखरणी, पेरणी, राखण, बैलांचे दाणापाणी, गोठ्याची झाडलोट, रात्रीअपरात्री पिकाला पाणी देणे, ही सर्व कामे त्याच्याकडे असतात. पूर्वी मोबदल्याचा बराच भाग धान्याच्या रूपाने दिला जाई. त्यासोबत कपड्यांचा जोड, पायताण, घोंगडी असे काही ठरलेले असे. पुढे रोख रकमेचे प्रमाण वाढत गेले.

ह्या व्यवहारात दोन शब्द महत्त्वाचे आहेत. पहिला 'उचल'. सालाच्या आरंभी सालगडी जी आगाऊ रक्कम घेतो तिला उचल म्हणतात. मुलीचे लग्न, घरातले आजारपण किंवा जुने कर्ज ह्यांसाठी ती घेतली जाते आणि वर्षभराच्या श्रमातून फेडली जाते. दुसरा शब्द 'खाडा'. कामावर न आलेला दिवस म्हणजे खाडा. वर्षाच्या शेवटी खाडे मोजले जातात आणि मोबदल्यातून वजा होतात किंवा जास्तीचे काम करून भरून द्यावे लागतात.

उचल आणि खाडा ह्या दोन शब्दांवर सालगड्याचे भवितव्य अवलंबून असते. बोली चोख असेल आणि हिशेब स्वच्छ असेल, तर सालगड्याला वर्षभराची निश्चिती मिळते. ही निश्चिती रोजंदाराला नसते. परंतु उचल मोठी, मोबदला तोकडा आणि हिशेबाची वही एकाच्याच हातात, असे झाले की वर्षाच्या शेवटी पैसे मिळण्याऐवजी देणेच उरते आणि पुढचे साल आपोआप त्याच दारी सुरू होते. मग 'साल' हा शब्द नावापुरता राहतो. वर्ष संपते, पण बंधन संपत नाही.

उत्तर कोकणातील वारली आदिवासींच्या जीवनात ह्याचे अत्यंत कठोर रूप दिसले. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यावेत आणि त्याबद्दल नवऱ्याने, पुष्कळदा बायकोनेही, वर्षानुवर्षे त्याच्याकडे राबावे, ह्या प्रथेला 'लग्नगडी' असे नाव होते. १९४५ साली डहाणू, तलासरी भागात वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी ह्या प्रथांविरुद्ध जो लढा उभारला, त्याची हकिगत गोदावरी परुळेकर ह्यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' ह्या पुस्तकात लिहून ठेवली आहे. तो प्रदेश आज वसई धर्मप्रांतात येतो. 'गडी' ह्या मैत्रीच्या शब्दाला 'लग्न' हा मंगल शब्द जोडून गुलामीचे नाव तयार व्हावे, ह्याहून शब्दांची विटंबना दुसरी कोणती असेल?

शेतावर राबणाऱ्यांची आणखीही नावे आपल्या भाषेत आहेत. मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, साखर कारखान्यांच्या हंगामाला जाणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघांपैकी एकटा असेल तर अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. येथे तर माणसाचे नाव जाऊन हत्याराचे नावच माणसाला लागले आहे. गोव्यात भाटकाराच्या जमिनीत राहणारा तो मुंडकार. त्याला घरातून काढता येऊ नये म्हणून १९७५ साली तेथे स्वतंत्र कायदा करावा लागला. आणि स्त्रियांचे काय? 'सालगडी' ह्या शब्दाचे स्त्रीलिंगी रूप रूढ नाही. निंदणी, खुरपणी, कापणी, वेचणी ही कामे पिढ्यान् पिढ्या स्त्रियाच करीत आल्या. परंतु वर्षाचा करार झाला तो नवऱ्याशी, आणि तिने गोठ्यात केलेले काम पुष्कळदा त्याच करारात मोफत धरले गेले.

हा विषय मूठभर लोकांपुरता आहे असे कोणी समजू नये. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात शेतमजुरांची संख्या सुमारे १४ कोटी ४३ लाख होती, तर स्वतःची किंवा खंडाची जमीन कसणाऱ्या शेतकऱ्यांची सुमारे ११ कोटी ८८ लाख. १९५१ साली शेतकरी शेतमजुरांच्या अडीच पट होते. साठ वर्षांत हे प्रमाण उलटले.

पवित्र शास्त्रातील सालगडी

पवित्र शास्त्रात सालगडी आहे का, असे कोणी विचारले तर आमचे उत्तर 'होय' असे आहे. जुन्या कराराच्या हिब्रू भाषेत मोबदल्यावर ठेवलेल्या माणसाला 'साखीर' म्हणतात. तो कधी दिवसाच्या बोलीवर असे, तर कधी वर्षाच्या. लेवीय ह्या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात (ओवी ५३) वर्षावर्षाच्या बोलीने ठेवलेल्या साखीराचा स्पष्ट उल्लेख आहे. यशया संदेष्टाही दोन ठिकाणी (१६:१४ आणि २१:१६) साखीराच्या वर्षांचा दाखला देतो. नेमका काळ सांगायचा होता, म्हणून त्याने हा दाखला घेतला. साखीराचे वर्ष म्हणजे दिवस मोजून घेतलेले वर्ष, एक दिवस कमी नाही आणि एक दिवस जास्त नाही. आपल्याकडचे खाडे मोजणारा मालक आणि पाडव्याची वाट पाहणारा गडी ह्या दोघांनाही हा दाखला लगेच समजेल.

लेवीय २५ हा ज्युबिलीचा अध्याय आहे. ख्रिस्तसभेने २०२५ साली जे पवित्र वर्ष साजरे केले, त्याच्या परंपरेचे मूळ ह्याच अध्यायात आहे. तेथे प्रसंग असा : एखादा इस्राएली माणूस दारिद्र्यामुळे स्वतःला दुसऱ्याच्या हाती विकतो. अशा वेळी नियमशास्त्र मालकाला बजावते की, ह्या माणसाला गुलाम समजू नकोस. वर्षाच्या बोलीने ठेवलेल्या साखीराप्रमाणे तो तुझ्याजवळ राहील आणि त्याच्यावर कठोरपणे अंमल चालवला जाऊ नये. येथे कठोरपणासाठी 'पेरेख' हा हिब्रू शब्द आला आहे. निर्गम ह्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात मिसरी लोकांनी इस्राएलींकडून ज्या निष्ठुरतेने काम करून घेतले, तिच्यासाठी हाच शब्द योजला आहे. अर्थ उघड आहे. जो मालक आपल्या गड्याला निष्ठुरपणे राबवतो, तो आपल्या शेतात मिसर देश वसवतो. आणि मिसर देशातून आपल्या लोकांना बाहेर काढणारा परमेश्वर कोणाच्या बाजूने उभा राहतो, हे आपण जाणतो.

वर्षाच्या साखीराला गुलामीविरुद्धची मर्यादा म्हणून पुढे केले आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. गुलामाच्या वर्षाला शेवट नसतो. साखीराच्या वर्षाला असतो. 'साल' हा शब्द म्हणूनच महत्त्वाचा. तो मालकाला सांगतो की, हा माणूस तुझा नाही. त्याचे एक वर्षाचे श्रम तुला दिलेले आहेत, आणि तेही मोबदल्याच्या बोलीवर.

मोबदला कधी द्यावा ह्याविषयीही नियमशास्त्र गप्प नाही. लेवीय १९:१३ मध्ये मजुराचे वेतन रात्रभर आपल्याकडे ठेवू नये असे सांगितले आहे. अनुवाद २४:१४-१५ मध्ये सूर्य मावळण्यापूर्वी ते द्यावे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्यात गुंतलेला असतो, असे कारणही दिले आहे. तो मजूर स्वकीय असो की परदेशी, नियम एकच. बेनसिराच्या ग्रंथाच्या ३४ व्या अध्यायात मजुराची मजुरी बुडवणे आणि रक्त सांडणे ही एकाच पंक्तीला बसवली आहेत. अनुवाद १५:१३-१४ मध्ये मुदत पुरी झालेल्या दासाला रिकाम्या हाती निरोप देऊ नये. कळपातून, खळ्यातून, द्राक्षकुंडातून त्याला उदारपणे द्यावे, असे म्हटले आहे. साल संपताना गड्याला कसा निरोप द्यावा, ह्याचा हा नमुनाच आहे.

रूथचे पुस्तक तर शेतावरच घडते. रूथ ही परदेशी विधवा बवाजाच्या शेतात कापणी करणाऱ्यांच्या मागे सरवा वेचते. मालकाने शेताच्या कडा पूर्णपणे कापू नयेत आणि पडलेला सरवा गोरगरिबांसाठी राहू द्यावा, ही नियमशास्त्राची आज्ञा होती. बवाज शेतावर येतो तेव्हा सर्वप्रथम तो आपल्या कापणी करणाऱ्यांना अभिवादन करतो : प्रभू तुमच्याबरोबर असो, असे तो म्हणतो (रूथ २:४). धर्मगुरू वेदीवरून भाविकांना जे अभिवादन करतो ते पवित्र शास्त्रात येथे, एका मालकाच्या तोंडी, शेतमजुरांना उद्देशून आले आहे. जेवणाच्या वेळी बवाज मजुरांच्या पंक्तीला रूथला बसवून घेतो आणि स्वतःच्या हाताने तिला हुरडा देतो. ही रूथ दाविदाची पणजी झाली आणि मत्तयाने प्रभू येशूच्या वंशावळीत तिचे नाव नोंदवले.

प्रभू येशूच्या तोंडी

प्रभू येशूच्या बोधकथांत शेतमजूर वारंवार भेटतात. मत्तयाच्या २० व्या अध्यायात एक द्राक्षमळ्याचा धनी पहाटे बाजारचौकात जाऊन दिवसाला एक दीनार ह्या बोलीने मजूर लावतो. नंतर तो पुन्हा पुन्हा जातो आणि दिवस मावळायला एक तास उरला असताना उभे असलेल्यांनाही कामावर घेतो. संध्याकाळी, नियमशास्त्राप्रमाणे, सर्वांना मजुरी मिळते आणि ती सारखीच मिळते. ही कथा देवाच्या कृपेविषयी आहे, हे आपण जाणतो. परंतु शेवटच्या तासाला आलेल्याच्या घरीही चूल पेटायची असते आणि त्यासाठी पूर्ण दिवसाचीच मजुरी लागते, हेही त्या धन्याला ठाऊक होते.

कुरकुर करणाऱ्या मजुराला तो धनी जे संबोधन वापरतो, ते ग्रीकमध्ये 'हेताइरे' असे आहे. हेताइरोस म्हणजे सोबती. मराठीत ह्याला 'गड्या' इतका नेमका प्रतिशब्द दुसरा नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात हे संबोधन तीन वेळा आले आहे आणि तिन्ही वेळा ते चुकणाऱ्या माणसाला उद्देशून आहे. गेथशेमाने बागेत यहूदालाही प्रभूने असेच संबोधिले. म्हणजे ज्याच्याशी मतभेद झाला, जो रागावला, ज्याने दगा दिला, त्याच्याशी बोलतानाही सोबतीचे नाते शब्दातून पुसले गेलेले नाही. आपण आपल्या गड्यावर रागावतो तेव्हा कोणते शब्द वापरतो, ह्याचा विचार प्रत्येकाने करावा.

उधळ्या पुत्राच्या कथेत (लूक १५) हाच विषय निराळ्या रीतीने येतो. उपाशी मुलाला घरच्या मजुरांची आठवण होते. आपल्या बापाकडे मोलाने राहिलेल्यांनाही पोटभर भाकर मिळते, हे आठवून तो परत फिरतो. त्या बापाच्या चांगुलपणाची पहिली खूण मुलाला पटते ती मजुरांच्या ताटावरून! मला आपल्या मजुरांपैकी एक करा, असे म्हणायचे त्याने ठरवलेले असते. परंतु बाप ते वाक्य त्याला पुरे करूच देत नाही.

योहानाच्या १० व्या अध्यायात मात्र मोलकरी लांडगा येताच मेंढरे टाकून पळतो. ह्यावरून काही जण मोलाने काम करणाऱ्या माणसाला अविश्वासू ठरवतात. तो अर्थ बरोबर नाही. तेथे प्रभू कळपाची जबाबदारी घेतलेल्या धर्मपुढाऱ्यांविषयी बोलत आहे. शेतावरच्या गड्याविषयी नव्हे. कामकरी आपल्या वेतनाला पात्र आहे, असे त्याच प्रभूने बाहत्तर शिष्यांना पाठवताना सांगितले (लूक १०:७). तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (५:१८) ही शिकवण मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधू नये ह्या जुन्या नियमाच्या शेजारी ठेवली आहे. पोळ्याला बैलाला न्हाऊ घालून पुरणपोळी भरवणाऱ्या आपल्या मुलखाला हा शेजार चांगलाच समजावा. ज्या घरी बैलाचा सण होतो, त्या घरी बैलामागे चालणाऱ्याचा हिशेब थकलेला असू नये.

शेतावरचा एक संत

आपल्या पंचांगात शेतमजुराचा सणही आहे. १५ मे रोजी संत इसिदोर ह्यांचे स्मरण केले जाते. स्पेनमधील माद्रिद येथे बाराव्या शतकाच्या सुमारास ते होऊन गेले. त्यांना 'शेतकरी' म्हटले जात असले, तरी ते कसत ती जमीन त्यांची नव्हती. हुआन दे व्हार्गास नावाच्या जमीनदाराच्या शेतावर त्यांनी आयुष्य घालवले. आपल्या भाषेत सांगायचे तर ते गडी होते. त्यांच्या पत्नी मरिया ह्यांनाही लोक संत मानीत. इसिदोर रोज सकाळी मिस्सेला जातात आणि कामावर उशिरा येतात, अशी तक्रार सोबत्यांनी मालकाकडे केली. मालक पाहायला आला तेव्हा इसिदोर प्रार्थना करीत होते आणि देवदूत त्यांचा नांगर चालवीत होते, अशी कथा सांगितली जाते.

१२ मार्च १६२२ रोजी पोप ग्रेगरी पंधरावे ह्यांनी पाच जणांना एकाच दिवशी संतपद दिले. लोयोलाचे संत इग्नाती, संत फ्रान्सिस झेवियर, अविलाची संत तेरेजा, संत फिलिप नेरी आणि हा माद्रिदचा गडी. ज्या संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या दर्शनासाठी आपण जुन्या गोव्याला जातो, त्यांच्याच शेजारी ख्रिस्तसभेने एका शेतमजुराला बसवले, ही गोष्ट आपल्या प्रवचनांत फारशी येत नाही.

ख्रिस्तसभेची आणि देशाच्या कायद्याची भूमिका

योगायोग असा की, १५ मे ह्याच तारखेला १८९१ साली पोप लिओ तेरावे ह्यांनी श्रमिकांविषयीचे 'रेरुम नोवारुम' हे विश्वपत्र प्रसिद्ध केले. कामगाराचे वेतन बुडवणे हा स्वर्गापर्यंत आक्रोश पोचवणारा अपराध आहे, असे त्यात सांगताना त्यांनी याकोबाच्या पत्राचा (५:४) आधार घेतला. याकोबाचे ते वचन शेतमजुरांविषयीच आहे : ज्यांनी शेते कापली त्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि कापणाऱ्यांचा आक्रोश सेनाधीश प्रभूच्या कानी पोचतो. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात (क्र. १८६७) देवाकडे आक्रोश करणाऱ्या पापांची यादी आहे. मनुष्यहत्येबरोबर मजुरावरील अन्यायाचाही तीत समावेश आहे. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९८१ च्या 'लाबोरेम एक्सेर्चेन्स' ह्या विश्वपत्रात शेतीच्या श्रमाच्या प्रतिष्ठेसाठी स्वतंत्र परिच्छेद दिला. २०२५ साली निवडून आलेल्या पोप महोदयांनी लिओ हेच नाव धारण केले, तेही लिओ तेरावे ह्यांच्या ह्या शिकवणीची आठवण ठेवून.

आपल्या राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीला बंदी केली. किमान वेतनाचा कायदा १९४८ साली झाला आणि शेतीतील रोजगारही त्यात घेण्यात आला. १९७६ साली वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा आला. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात असा निवाडा दिला की, किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करून घेणे हेदेखील सक्तीच्या श्रमात मोडते. ह्यावरून सालगडी ठेवणे हा गुन्हा नव्हे, हे स्पष्ट आहे. परंतु उचल दिली म्हणून त्याला दुसरीकडे जाण्यास मज्जाव करणे, किंवा उचलीच्या नावाखाली किमान वेतनाहून कमी देणे, हे कायद्याने निषिद्ध आहे आणि धर्माने पाप आहे.

हा शब्द वापरावा काय?

'सालगडी' हा शब्द टाकून द्यावा आणि 'कृषी सहायक' किंवा असेच काही भारदस्त नाव घ्यावे, असे काहींना वाटते. त्यामागची भावना चांगली आहे. तथापि नाव बदलले आणि वही तीच राहिली, तर काय साधले? आमच्या मते ह्या शब्दात मुळात दोष नाही. त्याच्या पहिल्या अर्ध्या भागात मर्यादा आहे आणि दुसऱ्या अर्ध्या भागात मैत्री आहे. वर्षाचा शेवट मानला आणि माणसाचे सोबतीपण मानले, तर हा शब्द सन्मानाचा आहे. दोष शिरतो तो 'माझा गडी' ह्या बोलण्यातील मालकी हक्कात आणि पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला पोराटोरांनी 'अरे गडी' म्हणण्यात. त्याला नाव आहे. तो वयाने मोठा असेल तर दादा, काका, मामा म्हणण्याची आपली रीत आहे. ती रीत बांधावर जाताच विसरू नये.

आमच्या वाचकांपैकी जे शेतावर किंवा वाडीवर माणसे ठेवतात, त्यांना आम्ही काही गोष्टी नम्रपणे सुचवतो. बोली तोंडी न ठेवता लिहून काढावी आणि तिची एक प्रत गड्याजवळ असावी. त्याला वाचता येत नसेल, तर त्याच्या शाळकरी मुलाकडून ती त्याला वाचून दाखवावी. आजारपणाचा दिवस खाडा म्हणून मोजू नये. रविवारची विश्रांती ही केवळ मालकाची नाही. चौथ्या क्रमांकाच्या दिवसाला किंवा सातव्या क्रमांकाच्या दिवसाला, कोणताही वार ठरो, दासालाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा हे अनुवाद ५:१४ मधील कारण विसरू नये. गड्याच्या पत्नीने केलेल्या कामाचा वेगळा मोबदला द्यावा. आणि सालाचा हिशेब सालाच्या शेवटच्या दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी, पुरा करावा.

आपल्या धर्मग्रामांनाही एक सूचना करावीशी वाटते. १५ मे रोजी, किंवा जवळच्या रविवारी, परिसरातील शेतमजुरांसाठी ख्रिस्तयागात प्रार्थना व्हावी. ती करताना 'कष्टकरी बांधव' असे मोघम न म्हणता सालगडी, रोजंदार, ऊसतोड कामगार, निंदणी-कापणीच्या स्त्रिया अशी त्यांची नावे घ्यावीत. ते ख्रिस्ती असोत वा नसोत, त्यांच्या कष्टाचे धान्य आपल्या ताटात आणि त्यांच्या कष्टाची फळे आपल्या अर्पणाच्या मिरवणुकीत येतात.

शेवटी एक गोष्ट आम्हा धर्मगुरूंसाठी. पाचारणाच्या रविवारी आपण पिकाच्या धन्याकडे कामकरी मागतो (मत्तय ९:३८). त्या ठिकाणी जो ग्रीक शब्द आहे, 'एर्गातेस', तोच द्राक्षमळ्यात दिवसभर उन्हात राबलेल्या मजुरांसाठी आहे आणि याकोबाच्या पत्रातील मजुरी अडलेल्या कापणाऱ्यांसाठीही आहे. प्रेषितांसाठी प्रभूने हाच शब्द निवडला. शेत आमचे नाही, पीक आमचे नाही. ठरलेल्या मुदतीसाठी आम्हाला कामावर घेतलेले आहे आणि संध्याकाळी हिशेब द्यायचा आहे. म्हणून जो धर्मगुरू सालगड्याला ओळखतो, त्याच्या घरी जातो, त्याच्या अडलेल्या हिशेबाविषयी मालकाशी दोन शब्द बोलतो, तो आपल्याच सोबत्यासाठी बोलत असतो.

पिकाचा धनी जो प्रभू, तो आपल्या शेतांवर राबणाऱ्या सर्वांना आरोग्य देवो, त्यांच्या श्रमाचे फळ त्यांच्या हाती पडो आणि आपणा सर्वांना एकमेकांचे खरे सोबती होण्याची कृपा लाभो, हीच आमची प्रार्थना.